मागच्या खोलीचा पाइप

काकू: झाकणाला हात लावू नका. आधी सांगा, तुम्हाला बोलावलं कोणी?

टँकरवाला: सांगितलं की काकू, तुमच्या चिरंजीवांनी. सकाळी फोन आला, आईच्या घरची सेफ्टी टाकी उपसून द्या म्हणाले.

काकू: माझा गुडघा कसा आहे हे त्याने तीन वर्षांत विचारलं नाही. आज एकदम टाकीची काळजी?

टँकरवाला: ते तुम्ही मायलेक बघा. मी आपला पाइप टाकतो, मैला ओढतो आणि निघतो. मागे कधी उपसली होती?

काकू: वर्ष झालं. एकट्या बाईची टाकी, आता चार-पाच वर्षं बघायला नको, असं तो माणूस म्हणाला होता. भरलेली नाही ती. जा तुम्ही.

टँकरवाला: मग शोषखड्ड्याभोवती एवढी ओल कशाची? कुंपणापर्यंत चिखल झालाय. काठी घालून बघतो. नसेल भरली तर आल्या पावली परत.

काकू: बघा. पण इथूनच. घराच्या मागे जायचं काम नाही.

(झाकण सरकवल्याचा आवाज. टँकरवाला काठी आत घालून बघतो.)

टँकरवाला: घरात माणसं किती?

काकू: मी एकटी.

टँकरवाला: येणारंजाणारं कोणी?

काकू: माझ्याकडे कोण येतंय.

टँकरवाला: एका बाईच्या मानाने गाळ दुप्पट आहे.

काकू: माझं पोट बरं नसतं.

टँकरवाला: नसेल. पण हा डावीकडचा पाइप, हा मागच्या खोलीतून येतो ना?

काकू: ती खोली बंद आहे. नुसती अडगळ.

टँकरवाला: तुम्ही माझ्यासमोर उभ्या आहात. आणि त्या पाइपातून आत्ता पाणी आलं.

काकू: नळ गळतो तिथला.

टँकरवाला: गळक्या नळाचं पाणी थेंब थेंब येतं काकू. हे बादलीभर आलं आणि थांबलं.

काकू: तुम्ही टाकी उपसायला आलात की माझी झडती घ्यायला?

टँकरवाला: खरं सांगू? दोन्हीला. चिरंजीव म्हणाले, गेलाच आहात तर बघून या, आईकडे आणखी कोणी राहतंय का. बायको न सांगता निघून गेलीय, डोक्याने जरा अधू आहे, जिवाला घोर लागलाय म्हणाले. त्यांच्या कारखान्यातल्या सगळ्या टाक्यांचं काम मला देणार आहेत.

काकू: म्हणजे ठरवूनच आलात.

टँकरवाला: ठरवलं काहीच नाही. पण तुमचंही वागणं मला सरळ दिसत नाही. सुनेला कोंडून ठेवलंय का तुम्ही?

काकू: मी? कोंडून?

टँकरवाला: आत बाई आहे, तुम्ही नाही म्हणता, मला तिकडे फिरकू देत नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता?

काकू: ऐका मग. आठ महिने झाले. भर दुपारी बसने आली. पायात चपला नव्हत्या, हाताला प्लास्टर. मला आधी तिचाच संशय आला. मुलगा माझा, मी वाढवलेला, तो असं कसं करेल? म्हटलं, पोरगी काहीतरी लपवतेय. तिला समोर बसवलं आणि त्याला फोन लावला. ती इथे आहे हे बोलले नाही. नुसतं विचारलं, सूनबाई कशी आहे? म्हणाला, मजेत आहे, आत स्वयंपाक करतेय. मागच्या आठवड्यात जिन्यावरून पडली, हात मोडला, बाकी ठीक.

टँकरवाला: आणि त्या तुमच्यासमोर.

काकू: समोर. आणि त्याच्या घरी मी महिनाभर राहिलेय. बैठं घर आहे. जिनाच नाही त्याला.

टँकरवाला: हं.

काकू: तेव्हापासून मी कोणालाही सांगते, एकटीच आहे. तुम्हालाही तेच सांगितलं.

टँकरवाला: थांबा. हा बघा, त्यांचाच फोन.

काकू: उचला. माझ्यासमोर बोला काय बोलायचं ते.

टँकरवाला: हॅलो. हो साहेब, इथेच आहे... नाही, फार भरलेली नव्हती, शोषखड्डा चोंदलाय... एकट्याच आहेत... मागची खोली? बंद. कुलूप गंजलंय... हो, मी स्वतः बघितलं. बरं, ठेवतो.

काकू: इथे एक बोलाल आणि गावाबाहेर गेल्यावर दुसरं. कशावरून नाही?

टँकरवाला: खात्री कशाचीच नाही. माझा शब्द, एवढंच.

काकू: कारखान्याचं काम हवंय तुम्हाला.

टँकरवाला: हवंय. नाही मिळालं तर टाक्या काय, सगळ्यांच्याच भरतात. पण काकू, मी नुसता गप्प राहिलो म्हणून भागणार नाही. उद्या चिरंजीव आले आणि ही ओल बघितली, तर त्यांनाही कळेल. एवढं पाणी एका माणसाचं नसतं.

काकू: मग तिने काय आंघोळ करायची नाही?

टँकरवाला: करू दे की. आंघोळीचं आणि धुण्याचं पाणी टाकीत येऊ द्यायचं नाही, एवढंच. बाहेर काढून झाडांना वळवायचं. इथली जमीन आठवड्याभरात सुकेल.

काकू: मला नाही जमायचं ते.

टँकरवाला: पाइपाचा तुकडा आहे गाडीत, वळवायला एल्बोही आहे. अर्ध्या तासाचं काम. पण त्याला मला मागे जावं लागेल, खोलीच्या आतपर्यंत. नको असेल तर मी हे झाकण लावून निघतो.

काकू: आतपर्यंत?

टँकरवाला: मोरीपर्यंत.

काकू: आठ महिन्यांत तिने माझ्याखेरीज कोणाचं तोंड पाहिलेलं नाही.

टँकरवाला: म्हणूनच विचारतोय.

काकू: उभे राहा इथेच. मी तिला विचारून येते. हो म्हणाली, तर हाक मारते.