विमानानं जायची खार

— आरं ठोक की, थांबलास कशाला? मी बोलाय लागले की हात थांबवायचा आसतो व्हय? कानानं माजं ऐक, हातानं ठोक. आन् भोकं आतनं भाईर पाड, मौलाली, भाईरनं आत न्हाय — पत्र्याची धार भाईरच्या अंगाला यायला पायजे, आत ऱ्हायली तर नाक घाशिती आन् रक्त काडून घेती. खारीची जात ती, एका जागी गप बसती व्हय? झाकणाला बी पाड, चारी अंगाला पाड, हवा खेळाय पायजे. बुड तेवढं आखंड ठेव, सांध्याला कथलाची झाळ नीट लाव — मुतली तर खाली गळाय नगं, शेजारी कोण कोट घातलेला बसला आसंल, त्येच्या मांडीवर गळलं तर सगळं विमान डोक्यावर घील की! लाकडाचं का न्हाय म्हणतोस? खुळा का काय! लाकूड ती बसल्या जागी कुरतडंल, आन् विमानात सुटली म्हंजी? वायरी खाती ती. आमच्या घरात रेडिओची खाल्ली, रेडिओ गप बसला. विमान गप बसलं तर कुटं उतरायचं समद्यांनी?

हासलास. हास, पर ठोकत हास. — माजी सून मुंबईला विमानवाल्यांच्या हापिसात समदं इचारून आलीय. ते म्हणलं, जनावर हाय तर पेटी मजबूत पायजे, हवा पायजे, दवाखान्याचा दाखला पायजे, मग विमान चालवणाऱ्याच्या मर्जीत आलं तर पायापाशी ठिवा, न्हायतर खाली सामानाच्या पोटात जाईल, आन् तितं गारठा लई आसतो. म्हणून आतनं लुगड्याची घडी घालायची हाय मला. माज्या लेकीचं, ईरम्माचं लुगडं, मऊ झाल्यालं, त्येला तिचा वास हाय — खारीला वास वळखीचा लागतो, न्हायतर भीतीनंच काळीज फुटतं बारक्या जिवाचं. पाण्याची वाटी न्हाय ठिवायची, सांडती. काकडीच्या फोडी ठिवायच्या. वरनं काळं फडकं टाकायचं, आंधार केला की झोपती. खरं म्हंजी रोज थोडा येळ डब्यात बसवून सवय लावाय पायजे हुती, पर आता कुटला येळ? दुपारच्या गाडीनं मुंबई, तितनं विमान, विमानानं नैरोबी — माजा ल्योक म्हादेव तितल्या सूतगिरणीत मास्तर हाय, त्येच्याकडं. सून आन् ईरम्माची पोरगी गिरिजा कोपऱ्यावर टांग्यात बसल्याती. चिन्नी पोरीच्या ओच्यात हाय. चिन्नी म्हंजी खारच रं, दुसरं कोण!

आं? हात? — सारवत हुते. शेणामातीचं हात हायत, त्यात काय बगायचं? नख तुटलं ते दगडाला लागून. आन् तोंड सुजलंय ते... ते जाऊ दे. चनमल्लप्पा? त्यो न्हाय घरी. करमाळ्याच्या बाजाराला गेलाय. आज सोमवार, धान्याची आडत बंद, हमाल न्हायती, कोणच न्हाय घरात. ठोक तू.

तुला ठावं न्हाय आसं काय हाय आमच्या घरातलं, मौलाली? तुजं दुकान आन् आमचं मागचं आंगण, मदी ही एकच भित. तरी सांगते. सगळी शुक्रवार पेठ मला दानम्मा आक्का म्हणती, का म्हणती? चनमल्लप्पा म्हणतो म्हणून. माजा पाठचा भाऊ तो. आई बाळंतपणात गेली, मीच कडंवर घेऊन वाढवला त्येला. आंधाराला भ्यायचा. रातचं परसात जायचं झालं की दिवा घेऊन मी म्होरं, हा माज्या पदराला धरून मागं. आमच्यात लेक मामाला द्यायची रीत हाय, परक्या घरी सासुरवास नगं म्हणून. मी बी दिली. माजी ईरम्मा माज्याच भावाला दिली. म्हणलं, माजं म्हायेर तेच लेकीचं सासर, ह्येच्यापक्षा सुख कसलं? मी रांडाव झाले तशी हितंच येऊन ऱ्हायले, म्हणलं लेकीच्या सावलीला दिवस जातील. आग लागो त्या रीतीला आन् आग लागो माज्या आकलेला! परक्या घरी दिली आसती तर मार खाऊन माज्याकडं पळून तरी आली आसती. ती मार खायाची आन् मी चुलीपाशी बसून ऐकायची. जाणार कुटं? माराय उठलेला बी माजाच, मार खाणारी बी माजीच.

शेराच्या मापानं डोकं फोडलं हुतं एकदा तिचं, ठावं हाय न्हवं? तवा तू हळद आणून दिलतीस. विसरले न्हाय मी.

ही चिन्नी तिनंच वाडवली. लिंबाच्या झाडावनं पडल्याली, अजून डोळं उघडलं न्हवतं, कापसाची वात दुधात भिजवून पाजायची. गिरिजाला आन् तिला एकदमच घास भरवायची. पोरगी आठ वर्साची, पर जीव समदा त्या खारीत. आन् भावाला माज्या उंदराचा राग — धान्याच्या घरात आसतोच, त्यो न्हाय मी नाव ठिवत. तुज्याकडनंच सापळं न्हेतो की. रोज सकाळी सापळा उचलायचा आन् हौदात बुडवायचा. आन् पोरीला हाक मारायचा, गिरिजा, ये, बग. तिनं डोळं झाकलं की मानगूट धरून वाकवायचा. उंदीर वर येऊन तारंला नाक लावतो, तोंड उघडतो, मिटतो... आसं दावायचा तिला, आन् म्हणायचा, माज्या घरात फुकट खाणाऱ्याचं आसं हुतं. आपल्या लेकराला, मौलाली!

मग एक दिशी सापळ्यात चिन्नी घावली. दारानं निम्मी शेपटी तोडली तिची. तुज्याच हातचा सापळा — न्हाय, न्हाय, तुला बोल न्हाय लावत, तू ठोक. ह्येनं वळकलं खार हाय म्हणून, चांगलं वळकलं, आन् तरी हौदावर न्हेला. ईरम्मा पळत आली, तिनं पाण्यात हात घालून सापळा वर वडला, दार उघडून खार पोरीच्या आंगावर फेकली. बस, येवढाच गुन्हा तिचा. ह्येनं तिचा आंबाडा धरला आन् डोकं पाण्यात घातलं. मी धावले, मला लाथ घातली, मी जात्यावर पडले. उठाय येईना. पोरगी हौदाच्या कडंला उभी, खार उराशी धरून, आन् बगतीय. माजी लेक वरडत हुती — तोंड वर आलं की वरडायची, आत गेलं की गप. वर आलं की वरडायची. मग न्हाय वरडली.

आन् भितीच्या ह्या अंगाला तू ठोकत हुतास.

पोलिसाला सांगितलंस, हातोड्याच्या आवाजात काय ऐकू आलं न्हाय साहेब. चनमल्लप्पानं सांगितलं, शेवाळावनं पाय घसरला. म्या काय सांगितलं? म्या बी त्येच सांगितलं की! त्यो माज्यामागं दारात उभा हुता, पोरीच्या डोक्यावर हात ठिवून. बसवून पुरली माज्या ईरम्माला, आमच्यात पुरत्यात तशी, गळ्यात लिंग घालून, आन् ह्येनं रडून रडून पेठ गोळा केली. — तोंड खाली घालू नगंस. मी तुज्यावर फिर्याद करायला आले न्हाय. डबा करायला आलेय.

त्या दिशीपासनं पोरगी कुणासंगट बोलत न्हाय. माज्यासंगट सुदा न्हाय. बोलती ती फकस्त चिन्नीच्या कानात. तिनं दाणा खाल्ला की मग ही घास खाती. आता सांग, खार हितं ठिवून त्या लेकराला विमानात बसवली तर काय पोचंल तितं? नुसतं आंग पोचंल. म्हणून म्हणते नीट कर डबा. बग, त्या कोपऱ्यात भोकं कमी पडल्याती. अजून पाड. अजून.

सून परवा आली न्यायला. चनमल्लप्पा आदी व्हय म्हणला, गोड बोलला, सुनंला साखर घालून दूध दिलं. आज सकाळी फिरला. म्हणला, पोरगी कुटं जायची न्हाय, तिकडं मामाजवळ तिला वाचा फुटली म्हंजी? मला म्हणला, आक्का, कुटं हाय ती खार, आदी तिला हौदात घालतो, मग बगू पोरगी कशी हट्ट करती — आन् तरी हट्ट केला तर हौद काय बारका न्हाय. आसं म्हणला. दात घासता घासता म्हणला. मी पाय धरलं, तर पायानंच तोंडावर दिली, ही बग, दाढ हालतीया. पोरीला सुनंसंगट म्होरल्या दारानं काडली मी, आन् खार माज्या ओटीत हुती, ह्या पदराखाली, गप, काळीज नुसतं धडधडत हुतं तिचं. ह्येनं हातात दांडकं घेतलं, घरभर शोधाय लागला. अक्कलकोटला जायचं सोडून...

काय? करमाळा म्हणले हुते मी? — करमाळाच. अक्कलकोट. कुटं बी म्हण, तुला काय करायचंय? ठोक!

...का बगतोस आसा?

बरं. आईक. कुणाला तरी सांगाय पायजेच आता. — दुष्काळात ह्येनं जोंधळा दडवला हुता न्हवं, आंगणातल्या पेवात? लोकं खडी फोडत हुती, तवा ह्येचा जोंधळा जिमनीच्या पोटात. दगडी झाकण, वरनं शेणामातीचा लेप, वारं शिरायला जागा न्हाय. आज सकाळी त्येनंच पहार लावून झाकण सरकवलं, सोमवारचं कोण न्हाय म्हणून. पेव उघडलं की दिसभर उघडं ठिवायचं, मग दोराला दिवा बांधून सोडायचा. दिवा जळला तर माणूस उतरतो, विझला तर न्हाय. आतली हवा माणसाला मारती. पोरासोरांना ठावं हाय, त्येला न्हाय व्हय? बाप आमचा कान पिळून शिकवायचा.

मी म्हणले, चनमल्लू, खार पेवात उतरली.

येवढंच म्हणले. मी ढकललं न्हाय त्येला. त्येला रागात म्होरचं दिसत नसतंय, लहानपणापासनं दिसत न्हाय. दांडकं कंबरंला खोवलं, दोर धरला आन् उतरला, शिव्या देत देत. मी काठावर. दिवा माज्या हातात हुता, सवयीनं लावून आणल्याला. आतनं म्हणला, आक्का, दिवा सोड. मी न्हाय सोडला. परत म्हणला, आक्का, दिवा — आवाज बारीक, आगदी तसाच, परसात जाताना यायचा तसा. माजा हात म्होरं झाला, मौलाली, खोटं न्हाय सांगत, हात झालाच म्होरं. पर ओटीत ही हालली. मग मी दोर वर घेतला. पहार घातली, झाकण सरकवलं, शेण कालवलं, लिंपलं. नीट लिंपलं, एक फट ठिवली न्हाय.

आता कळलं हितंच का आले? गावात तुज्याबिगर पत्रेवाला न्हाय व्हय? ह्या भितीच्या पल्याड हाय ते पेव. तुजा हातोडा चालू आसला की मला त्येची हाक ऐकू येत न्हाय.

झाला डबा? दाव. — दार घट्ट बसतंय. धार भाईर हाय. थांब, तोंडाला लावून बगते... येती, हवा येती. बरं केलंस. हे लुगडं घाल आत. खार बी मगाशी सुनंच्याच हाती पोरीकडं धाडली; मी न्हाय येत टांग्यापतूर, माजं हात बगितलं तर पोरगी इचारंल — न्हाय, ती कुटली इचारती. तूच न्हे. सुनंला सांग, विमान उडताना आन् उतरताना डब्यावर हात ठिवायचा म्हणावं, पोरीचा हात. आन् गाडी गेल्याची शिट्टी हितं ऐकू येती, ती आली की मग जा चौकीवर, सांगायचं ते सांग, मी पेवाच्या काठावर बसल्याली आसंन. त्येच्या आदी नगं. येवढं कर.

हातोडा ठिवलास? — ठिव. आता आईक जरा. भितीला कान लाव. काय येतंय ऐकू?

न्हाय?

व्हय, तुला त्या दिशी बी आलं न्हवतं. मला येतंय की. — जा तू, पोरगी वाट बगत आसंल. डबा सरळ धर, आत जीव जायचा हाय.