शिंपल्यावर लिंबू

राहुरीच्या बसस्थानकावर शेवगावच्या गाडीची प्रतीक्षा करीत बसलेल्या काकासाहेबांचे कान शेजारच्या बाकाकडे लागले होते. तेथे चांगुणाबाई आपली नात निकिता हिला शिक्षणासाठी रत्नागिरीस धाडण्यास साफ नकार देत होत्या.

"पर इतक्या लांब शिकनार तरी काय?"

"समुद्राचं पाणी, आजी. धुरातला वायू त्यात विरघळतो आणि पाणी आंबटाकडं झुकतं."

"खारं पानी आंबट? येड लागलं का काय तुला!"

"सोड्याच्या बाटलीत असतो तोच वायू. त्यानं शिंपल्यांना कवच बांधणं जड जातं. तुझ्या पानाचा चुनासुद्धा कोकणात शिंपले भाजूनच करतात की."

चांगुणाबाईंनी कनवटीची चुन्याची डबी काढून निरखून पाहिली. शेवगावची गाडी लागली, तथापि काकासाहेब जागचे हलले नाहीत.

"मंग शिंपल्यावर लिंबू पिळलं तर इरघळंल?"

"फसफसतं आधी. मग हळूहळू झिजतं."

"दिवाळीला येताना एक घिऊन ये. माज्या हातानं पिळून बघंन, तवाच खरं मानीन."

"म्हणजे जाऊ मी?"

"गेल्याबिगर आनशील कुठनं?"