मुरलेला हात

अध्यक्ष श्री. भगवान गावंड सर, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती डॉ. रुथ किहीमकर, मच्छी मार्केटमधल्या माझ्या मावश्या-बहिणी, आणि द्रोणागिरीहून मुद्दाम आलेले आमचे होणारे व्याही, आपणा सर्वांना भावना कोळीचा नमस्कार.

पनवेलच्या मासळी विक्रेत्या महिला संघाची अध्यक्ष म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोनात भागणार नाही, आधीच सांगते.

मघाशी समई लावताना मेणबत्तीचं मेण माझ्या बोटांवर ओघळलं. शेजारच्या पाहुण्या ‘आई गं!’ म्हणाल्या. मी नुसती हसले. ‘कोळणीचा हात हाय, त्याला काय व्हतंय!’ असं खालून कोणीतरी ओरडलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. डॉक्टरांनी मात्र वाजवल्या नाहीत. मी बघत होते.

पाहुण्यांसाठी सांगते. आमच्या धंद्यात हात दिवसभर बर्फात असतो. नवी सून पहिल्या महिन्यात रडते, बोटं ठणकतात, चिरा पडतात. मोठ्या बायका म्हणतात, दोन वर्षं जाऊ दे, हात मुरेल. मुरलेला हात म्हणजे आमच्यात मान. माझ्या सासूबाईंचा, गुणाबाईंचा हात सगळ्या बाजारात नावाजलेला होता. तासभर बर्फात राहिला तरी हूं नाही की चूं नाही. तापल्या तव्यावरची भाकरी त्या बोटांनी उलटायच्या आणि आम्ही सुना कौतुकाने बघत राहायचो. आज ते कौतुक मला नकोसं वाटतं.

मनगटाजवळ एक फिकट चट्टा होता त्यांच्या. खाज नाही, आग नाही, काही नाही. कोण लक्ष देणार? करंगळी वाकायला लागली तेव्हा मी त्यांना ह्याच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाल्या, ‘गुणाबाई, डोळे मिटा. मी पेन टेकवीन, टेकवलं की सांगा.’

सासूबाईंनी डोळे मिटले. डॉक्टरांनी चट्ट्यावर पेन टेकवलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. मी समोर उभी राहून मोजत होते. दवाखान्यात पंख्याचा आवाज तेवढा येत होता. आणि सासूबाई हसून म्हणाल्या, ‘लाव ना गो बाय हात. मी कवाची डोले मिटून बसलेय.’

तो कुष्ठरोग होता. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाल्या, वर्षभरात आजार बरा झाला. बोटं मात्र सरळ झाली नाहीत. शेवटची अकरा वर्षं त्यांना घास मी भरवला.

त्यानंतर डॉक्टर दर महिन्याला आमच्या मार्केटमध्ये येऊ लागल्या. चिखलात, वासात, पाटावर बसून. बर्फातून हात काढला की गोड्या पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, खोबरेल लावा, शेजारणीने दिलेली ट्यूब फासू नका. आणि एक वाक्य प्रत्येक वेळी, ‘खाजते, जळजळते ती कातडी तुमच्याशी बोलतेय. जी गप्प बसली, तिला घाबरा.’ नऊ वर्षं मी त्यांच्याबरोबर हेच सांगत फिरले. कितीजणींना हाताला धरून तपासायला बसवलं!

आता आमच्या डॉक्टर रविवारी मुलाकडे, रोनेनकडे, इस्रायलला निघाल्या. कायमच्या. डॉक्टर, मार्केट तुम्हाला विसरणार नाही. अध्यक्ष महोदयांचे, हॉलवाल्यांचे, आपल्या सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, तर घरचीच बाई बोलली असं समजून सोडून द्या.

भाषण इथेच संपवायचं होतं. कागदावर एवढंच आहे.

पण मघाचं गरम मेण मला जाणवलंच नाही हो. हसले ती शरमेने. हा मनगटावरचा चट्टा दिवाळीपासून आहे. ‘घरातल्या सगळ्यांनी दर वर्षी तपासून घ्या, हा आजार वर्षानुवर्षं दबा धरून बसतो,’ असं डॉक्टर, तुम्ही बजावलं होतंत. मी चार वर्षं आले, मग म्हटलं आता काय होतंय. आणि चट्टा दिसला तेव्हा माझ्या लेकीचं, रियाचं, लग्न ठरलं होतं. लोकांना शहाणपण शिकवणारी मी, लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले.

व्याहीबुवा, विहीणबाई, तुमच्यासमोरच सांगतेय, मागून कळायला नको. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागण्याची भीती राहत नाही, हे डॉक्टर तुम्हाला समजावतील. रियाच्या अंगावर काही नाही, तिलाही उद्याच तपासायला लावते. पुढचं तुम्ही ठरवा. माझी पोर रडतेय ती दिसतेय मला. रिया, बस खाली.

डॉक्टर, शाल जरा बाजूला ठेवा. गावंड सर, तुमचं पेन द्या त्यांना. हा हात मी टेबलावर ठेवला. मावश्यांनो, कोणी बोलू नका, कोणी मला खुणावू नका. डोळे मिटले मी. टेकवलंत की सांगते.

पंखा चालू आहे वाटतं.

डॉक्टर, टेकवा ना. मी कधीची डोळे मिटून उभी आहे.