साडूंची गलबतं

या, पुढे सरका मंडळी, मागच्यांनाही देव दिसू द्या! एक विचारतो. शेजाऱ्याच्या ताटात लाडू पडला, की आपल्या पोटात का दुखतं हो? खाल्ला तर त्याने! हसू नका — हे दुखणं माणसाचं नेमकं काय घेऊन जातं, ते ऐका!

खाडीकाठी एक गाव. तिथे दोन साडू. साडू म्हणजे सासरा एक, तुलना रोज! एक दिगंबर मेस्त्री, दुसरे मोहनराव — बँकेतून निवृत्त झालेले. उत्सवात देवळाच्या तळ्यात लाकडी गलबतं सोडायची. शिडाची, हातभर लांब, काठावरून रिमोटने चालवायची. जे आधी पलीकडे पोचेल, त्यावर देवाचा दिवा! हा मान दरवर्षी मेस्त्रींचा. यंदा मोहनरावांनीही गलबत केलं.

मेस्त्रींची बायको म्हणते, "अहो, ताईकडे त्यांचं गलबत बघून आले. काय ती डोलकाठी, सुईसारखी सरळ!"

"मग माझी काय वाकडी आहे?"

"मी कुठं तसं म्हटलं?"

झालं! 'दिवा त्याच्या गलबतावर? मग मी मेस्त्री कसला!' जळला हो माणूस, नुसता जळला!

आता युक्ती बघा. प्रत्येक रिमोटचं आपलं चॅनेल असतं. एका चॅनेलवर दोन रिमोट लागले, की गलबत भरकटतं. मेस्त्रींनी साडूंचं चॅनेल गोड बोलून काढून घेतलं — आणि तेच आपल्या रिमोटात, आपल्या गलबतात बसवलं! आपलंही भरकटेल, हे सुचलं का? छे! मत्सराला दुसऱ्याचंच गलबत दिसतं!

शंख वाजला. मेस्त्रींनी रिमोट लावला — साडूंचं गलबत गरगर! आणि मेस्त्रींचं? तेही गरगर! घाबरून रिमोट बंद केला, खिशात घातला. मग? मोहनरावांनी डावीकडे वळवलं — दोन्ही डावीकडे! उजवीकडे — दोन्ही उजवीकडे! एक म्हातारी ओरडली, "मेस्तानू, तुमचो हात खिशात, मगे तुमचां गलबत चालयता कोण?"

मोहनराव काय ते समजले. हळूच म्हणाले, "साडूभाऊ, तुमचंही आणू का काठाला?"

मेस्त्रींची मान खाली! स्वतःच्या हाताने तासलेलं गलबत, आणि ते साडूच्या बोटावर नाचतंय!

मंडळी, ज्याच्यावर जळता, त्याच्याच हाती आपलं सुकाणू देता! त्याने गाडी घेतली — तुमची झोप गेली. त्याची पोरगी पहिली आली — तुमची पोरगी बोलणी खाते! आत्ता इथे बसल्याबसल्या कुणाची नजर शेजारणीच्या पाटल्यांवर आहे? नको, हात वर करू नका! सुकाणू आपल्याला धरवत नसेल, तर या देवाच्या हाती द्या. शेजाऱ्याच्या हाती कशाला?