कॉकपिटच्या दारावरची थाप

विमानतळावरच्या चहाच्या रांगेत माझे आजोबा उभे होते, पण त्यांचे कान नेहमीप्रमाणे दोन हात पुढे जाऊन पोचले होते. पुढे एक वैमानिक बाई होती आणि तिच्या कंपनीचा सुरक्षा अधिकारी.

"कॅप्टन, उडत्या विमानात कुणी कॉकपिटचं दार ठोठावून आत यायला बघितलं, तर सरकारला कळवावंच लागतं. लपवलं तर कंपनी गोत्यात."

"माझे सर होते हो ते. विमान चालवायला त्यांनीच शिकवलं मला."

"कायद्याला सर-बिर ओळखू येत नाहीत."

"मला आले ना. दोन थापा, जरा थांबून एक. लांबच्या उड्डाणात मी पेंगले की शेजारून खुर्चीच्या हातावर असंच वाजवायचे."

"तरी तुम्ही उघडलं नाहीत."

"हात उठला होता. मग मांडीखाली दाबून बसले."

"त्यांना जायचं कुठे होतं?"

"कुठेच नाही. मी चालवतेय हे कळलं, म्हणून जायचं-यायचं तिकीट काढलं. एकदा शेजारी बसायचं होतं."

"कळवलं, की चौकशी संपेपर्यंत त्यांना कुठल्याच विमानात घेणार नाहीत. आणि त्यांचं वय हे असं."

"माहितीये. तरी कळवा. जबाब मी देते."

"मग ते घरी जाणार कसे?"

"रेल्वेने. मी रजा टाकलीय. शेजारशेजारच्या जागा मिळाल्यात."

"खिडकी कुणाला?"

"त्यांनाच. आणि मला पेंगायची सोय नाही."