बंद बाह्यांची झबली

नाव: गल्लीत सगळे मावशी म्हणतात. वय ५७ वर्षे. धंदा: शिवणकाम. राहणार: मुलामा कारखान्याच्या मागची गल्ली, हापशासमोर.

मी समक्ष ठाण्यात येऊन जबाब देते की, वरील पत्त्यावर मी लग्न होऊन आल्यापासून राहते. नवरा हयात नाही. एकच मुलगी, ती लग्नानंतर लांबच्या शहरात असते. पुढच्या खोलीत माझं मशीन आहे.

कारखान्यात नळांवर, कड्यांवर चकाकी चढवतात. त्याचं सांडपाणी भिंतीलगतच्या खड्ड्यात सोडतात. हापसा त्या भिंतीला जवळजवळ खेटूनच आहे. सगळी गल्ली तेच पाणी पिते. पाण्याला रंग नाही, वास नाही. चव गोडसर. पाहुणे मुद्दाम बाटल्या भरून न्यायचे.

काही वर्षांपूर्वी इस्त्रीवालीची सून झबलं घेऊन आली. दार लोटून म्हणाली, "मावशी, डावी बाही टोकाला शिवून बंद करा. आणि माझ्या गळ्याची शपथ, कुणाला बोलू नका." मी बोलले नाही. नंतर शाळेतल्या बाई आल्या. मग किराणावाल्याची बायको. प्रत्येकीनं आधी दार लोटलं. बाही प्रत्येकीची डावीच. खोट आपल्या एकटीच्या पोटात आहे असंच प्रत्येकीला वाटत होतं. पुढं पुढं मी माप विचारायचं सोडून दिलं.

यंदा माझी मुलगी तिच्या शहरात बाळंत झाली. मी इस्पितळात पोचले तेव्हा बाळ दुपट्यात होतं. मुलगी म्हणाली, "आई, आधी बस." मी उभ्यानंच दुपटं सोडलं. डावा हात कोपरापर्यंत आहे. नात आहे. डोळे आमच्यावर गेलेत.

लग्नानंतर माझ्या मुलीनं ह्या हापशाचं पाणी तोंडात घेतलेलं नाही. डॉक्टरबाईंनी मुलीचं आणि बाळाचं रक्त तपासायला पाठवलं. अहवाल आल्यावर विचारलं, "लहानपणी पाणी कुठलं प्यायच्या?" मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "हापशाचं."

डॉक्टरबाईंनी सांगितलं की, पाण्यातलं विष अंगातून हळूहळू निघून जातं, पण आईबापांकडून मुलांकडे जे जातं त्याची विषानं केलेली मोडतोड तशीच राहते. मुलीची गुणसूत्रं तुटून भलतीकडेच जोडली गेली आहेत. मुलीनं विचारलं, "आणि हिच्यात?"

"हिच्यातही."

"उद्या हिला मुलं झाली तर?"

डॉक्टरबाईंनी बाळाचं दुपटं नीट केलं.

परत आल्यावर मी शपथ मोडली. तिघींना एकाच वेळी बोलावलं, येताना झबली आणा म्हटलं. ती मशीनच्या फळीवर शेजारी शेजारी मांडली, नातीचंही त्यात ठेवलं. मग शाळेतल्या बाई किराणावाल्याच्या बायकोला म्हणाल्या, "तुमचंसुद्धा?" इस्त्रीवालीच्या सुनेनं एकेक डावी बाही चाचपून बघितली.

आम्ही चौघी कारखान्याच्या मालकाकडे गेलो. ते म्हणाले, "पाणी गोड लागतं ना? मग?" म्हणून इथं आलो. तिघी बाहेर बाकावर बसल्या आहेत, त्यांचेही जबाब घ्यावेत. खड्डा बंद करावा, पाणी तपासावं आणि मालकावर कारवाई करावी, अशी माझी तक्रार आहे.

घटना कधी घडली असं विचारलं असता मी सांगितलं की, काही घडल्या, काही घडायच्या आहेत. साहेब म्हणाले, "मावशी, एक तारीख सांगा." मी म्हणाले, "माझी नात अजून पालथीसुद्धा पडत नाही. तिला मुलं होतील ती तारीख मी कुठून आणू?" साहेबांनी पेन खाली ठेवलं.

हे सगळं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी बोलले तसंच आहे. तारखेची जागा माझ्या सांगण्यावरून कोरी सोडली आहे.