बघायची राहून गेलेली मुलगी

आदरणीय संस्थेचे अध्यक्ष, आवर्जून वेळ काढून आलेले कार्यकारिणीचे सदस्य, पालक संघाच्या अध्यक्षा, माझे शिक्षक सहकारी, कार्यालयातली आणि आवारातली सगळी मंडळी, मागे भिंतीला टेकून उभे असलेले पालक (खुर्च्या कमी पडल्या, त्याबद्दल दिलगीर आहे) आणि माझ्या मुलींनो,

वर्षाच्या या शेवटच्या सत्रात तुम्हा सगळ्यांचं मनापासून स्वागत.

दर सत्राच्या पहिल्या दिवशी मी विचारते, "काय गं, सुट्टी कशी गेली?" आणि तुम्ही छप्पर उडेल अशा ओरडता. पाचवीच्या चिमण्या तर आत्ताच श्वास भरून बसलेल्या दिसताहेत. सोडा बाळांनो तो श्वास. आज मी तो प्रश्न विचारणार नाही.

का विचारणार नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. सुट्टीत आपल्या दहावीतली एक मुलगी गेली. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत पोर हातची गेली. ती आपल्या गणिताच्या बाईंची मुलगी. एकुलती एक. बाई आज इथे आल्या आहेत, पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि त्यांची परवानगी घेऊनच मी हे बोलते आहे. "काय बोलायचं ते बोला, पण लांबवू नका," एवढीच त्यांची अट होती. माझं भाषण म्हणजे मारुतीचं शेपूट, हे त्या वीस वर्षं सोसत आल्या आहेत.

मला असाही सल्ला मिळाला होता की दोन शब्द श्रद्धांजलीचे बोलावेत, क्षणभर शांतता पाळावी आणि "चला, आता अभ्यासाला लागा" म्हणून मोकळं व्हावं. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण मुलींनो, दुःख काय शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे चालतं का? घंटा झाली की उठलं आणि दुसऱ्या वर्गात गेलं?

आपल्या शाळेचा एक जुना नियम आहे. ज्या मुलींच्या आया इथे शिकवतात, त्यांनी फाटकाच्या आत आईला "बाई"च म्हणायचं. फाटकाबाहेर पाऊल पडलं की मग "आई". नियम माझ्या आधीच्या मुख्याध्यापिकांनी केला आणि आपल्या गणिताच्या बाईंनी तो जसा पाळला, तसा दुसऱ्या कुणी पाळला नसेल. संध्याकाळी फाटकाच्या एका बाजूला "बाई, वह्या मी घेऊ?" आणि दोन पावलांवर "आई, खूप भूक लागलीये गं!" हे मी माझ्या खिडकीतून किती वेळा ऐकलं असेल. ऐकून हसायचे.

मी दवाखान्यात भेटायला गेले होते. तापात तिला फारसं भान नव्हतं. डोळे उघडले तर समोर मी. मुख्याध्यापिका समोर उभी, म्हणजे पोरीला वाटलं, शाळाच आहे. तिला पाणी हवं होतं. आईकडे वळून म्हणाली, "बाई, पाणी."

बाईंनी तिच्या ओठाला भांडं लावलं आणि म्हणाल्या, "शाळा सुटली गं बाळा. आई म्हण."

मी तिथे थांबू शकले नाही. बाहेर जिन्यात जाऊन रडले. माफ करा, पाणी घेते जरा.

तर, आता शाळेच्या कामाचं. सुट्टी संपता संपता काही पालक मला भेटले. दहावीची परीक्षा तोंडावर आली आहे, बाईंवर एवढा प्रसंग गुदरला आहे, त्यांना या सत्रापुरती रजा द्यावी, निदान दुसरा वर्ग द्यावा, असं त्यांचं म्हणणं. पालक संघाच्या अध्यक्षा इथे बसल्या आहेत. हे बोलताना त्यांचेही डोळे भरले होते, हे मुद्दाम सांगते. मग दहावीच्या मुलीही आल्या. दारात एकमेकींना ढकलत उभ्या राहिल्या. शेवटी एक म्हणाली, "मॅडम, आम्हाला बघून बाईंना तिची आठवण येईल."

मी म्हटलं, "अगं, आठवण यायला आधी विसरावं लागतं."

पण खरं सांगायचं तर मलाही पालकांचं पटलं होतं. मी बाईंना बोलावून घेतलं आणि म्हटलं, "सातवी घ्या. लहान मुली आहेत, मन रमेल." बाई एरवी कमी बोलणाऱ्या. मला तर आजवर त्यांनी "तास वाया जातो" याच्यापलीकडे काही ऐकवलं नाही. त्या दिवशी मात्र बोलल्या. त्या काय बोलल्या, तेच सांगायला मी आज उभी आहे.

म्हणाल्या, "ती माझ्या वर्गात आली तेव्हाच मी ठरवलं होतं, कुणी पक्षपात म्हणता कामा नये. म्हणून मी तिच्या बाकाकडे बघायचेच नाही. सुरुवातीला ती हात वर करायची. मी दुसरीला विचारायचे. नंतर तिने हात वर करणं सोडून दिलं. मला वाटलं, चला, समजूतदार झाली. घरातली माझी मुलगी मला माहीत आहे हो. पण वर्गात ती कशी बसायची, कशाला हसायची, कुणाशी भांडायची, काही काही ठाऊक नाही मला. दोन वर्षं समोर होती आणि मी फळ्याकडे बघत राहिले."

मी सातवीचं वेळापत्रक बाजूला ठेवलं.

मग म्हणाल्या, "मुली घरी भेटायला आल्या होत्या. एकीच्या तोंडून निघून गेलं, 'आमची वकीलबाई गेली.' मी विचारलं, कोण गं वकीलबाई? तर सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझ्या मुलीला वर्गात वकीलबाई म्हणायचे, हे मला ती गेल्यावर कळलं. का म्हणायचे, ते अजून कुणी सांगत नाही. घरी तर सगळे माझ्यासमोर तिचं नावसुद्धा काढत नाहीत, जपतात मला. मला जपू नका. वर्गातली माझी मुलगी बघायची राहून गेली आहे, आणि ती आता त्या पोरींकडेच आहे. मला सातवीत कशाला पाठवता?"

अध्यक्ष महोदय, आपली पूर्वपरवानगी न घेता मी जाहीर करते आहे, त्याचा जो काही जाब द्यायचा तो मी देईन. दहावीचं गणित बाईंकडेच राहील. आजचा पहिला तासही त्यांचाच आहे.

आणि दहावीच्या मुलींनो, तुमच्याकडे मी काय मागते आहे, ते नीट ऐका. बाईंसमोर गप्प बसू नका. जपून बोलू नका. तिच्या खोड्या, तिची भांडणं, बाईंच्या तासाला मागे चिठ्ठ्या फिरायच्या त्यासुद्धा सांगा. फिरायच्याच, मला काय माहीत नाही? शिक्षा होणार नाही, माझा शब्द. तुम्ही रडाल, बाई रडतील. रडू दे. एखादं गणित उद्या झालं तरी चालेल.

आता आभार मानते. आजच्या कार्यक्रमाला... कोण? हात कुणाचा वर आहे तो? उभी राहा बघू. बाकीच्यांनी हसू नका. हं, बोल. अगं, माझ्याकडे बघून नको, बाईंकडे बघून सांग.

मागे ऐकू आलं का? ही म्हणते, बाकीच्या तासांना गृहपाठ राहिलेल्या मुलींची बाजू वकीलबाई मांडायची. "सर, हिच्या घरी पाहुणे होते, हिला सोडा." पाहुणे नसायचेच. अच्छा! म्हणजे मलाही फसवलंन तिने. आणि तुझा गं हात? तुझीही बाजू मांडली होती? तुझीही? अरे देवा, किती हात हे!

थांबा, एकेक जण बोला. बाईंना नीट ऐकू द्या.

अध्यक्ष महोदय, मान्यवर, पालकहो, आपण सगळे आलात, आपले आभार मानते. माझ्या बोलण्यात आज क्रम राहिला नाही, मान राखायचा तिथे राखला गेला नसेल, ते सगळं पदरात घ्यावं. आणि आणखी एक. आमच्या गणिताच्या बाईंनी आत्ता आपली खुर्ची उचलून दहावीच्या रांगेकडे फिरवली आहे. व्यासपीठाकडे त्यांची पाठ झाली आहे. त्यांनाही क्षमा असावी, त्या मुलींकडे बघताहेत.